बारशाची कॅसेट

॥ ॐ नमः शिवाय ॥

घाटनांदूर,
६ नोव्हेंबर २००१

चि. सौ. महानंदा हिस,
शिवगंगेचे अनेक आशीर्वाद वि. वि.

लातूरहून तुझ्या व्याह्यांचा फोन आला तेव्हा मी अंगण झाडत होते. मुलगी झाली, बाळ-बाळंतीण सुखरूप, एवढंच ऐकलं आणि केरसुणी हातात घेऊनच पलीकडे दुकानात गेले. यांनी त्या दिवशी दुकानात आलेल्या प्रत्येकाला पेढा दिला. कापड न घेता नुसता भाव विचारून जाणाऱ्यांनासुद्धा. एरवी अशा गिऱ्हाइकाला हे पाणीही विचारत नाहीत, तुला माहीतच आहे.

फोन असताना पत्र काहून लिहिते असं म्हणशील. फोनवर आमचा बापू मध्येच रिसिव्हर घेतो आणि गावाकडचं पाऊसपाणी विचारत बसतो. पुण्यात तीस वर्षं नोकरी केली, आता रिटायर झाला, तरी शेतातली चौकशी संपत नाही. नवरा तुझा असला तरी धाकटा भाऊ माझाच, म्हणून बोलते. आपल्या दोघींचं निम्मं बोलणं राहूनच जातं.

आता कामाचं. सवा महिन्यानं सून आणि नात पुण्याला आल्या की तुम्ही बारसं करणार. तू म्हणालीस की आईचा पाळणा आता कुणालाच सगळा येत नाही, मलाही मधली तीन-चार कडवी आठवत नाहीत. म्हणून वीरेशच्या बारशाची कॅसेट आमच्या गल्लीतल्या राधाकिशनबरोबर पाठवते आहे. तो लेकीला भेटायला पुण्याला निघालाच आहे. ही कॅसेट यांनीच भरली होती, मुंबईहून आणलेल्या त्या नव्या टेपरेकॉर्डरवर. तुझे अण्णा त्या श्रावणात लिंगैक्य झाले म्हणून तुझं पहिलं बाळंतपण हैद्राबादला माहेरी न होता इथंच झालं, आणि बारसंही इथंच. यांनी माईक पाळण्याच्या दोरीलाच बांधला होता आणि आईनं त्यांना रागावून विचारलं होतं की लेकराच्या डोक्यावर हे काय वांगं टांगलंय.

महानंदा, ही कॅसेट हातातून सोडताना जीव थोडा थोडा झाला. तिच्यात आपली सावित्री आहे. तिचा फोटो आपल्याकडे एकच, आणि त्यात तिनं नेमके डोळे मिटलेत. आवाज फक्त या कॅसेटीत आहे. बारशानंतर वर्षाच्या आत कावीळ होऊन गेली ती, एकोणीस वर्षांची पोर. दर नागपंचमीला बाकीच्या बाया झोक्याला जातात तेव्हा मी दार लावून कॅसेट ऐकते. मला माझ्या बहिणीकडे जाऊन आल्यासारखं वाटतं.

वीरेश म्हणतो की कॉम्प्युटरात घालून देतो. खुशाल घालू दे. पण कॅसेट मला परत हवी.

बाळाच्या कानाला तेल जपून घाला. थोरांना नमस्कार, बाळाला माझा पापा, आणि तुझी माया आहे तशी राहू दे, एवढंच मागणं.

तुझी,
शिवगंगा

*

॥ श्री ॥

पुणे,
२२ नोव्हेंबर २००१

ती. अक्का यांना,
महानंदाचा सा. न. वि. वि.

कॅसेट पोचली. त्यासोबतचा चिवडा बाल्कनीतच संपला, मला दोन घास मिळाले. तुमचे बंधू म्हणाले की चिवडा अक्कानं पाठवला म्हणजे तो भावासाठीच पाठवला.

वीरेशनं रविवारचा सगळा दिवस तुमच्या कॅसेटीला दिला. टेप आणि कॉम्प्युटर यांच्यामध्ये वायर जोडून त्यानं ती आधी आत भरून घेतली. मग मागची खरखर पुसली. मला बोलावून आधीचं आणि नंतरचं ऐकवलं, तेव्हा खरंच नवल वाटलं. पूर्वी पावसात पत्र्याखाली बसून ऐकल्यासारखं होतं, आता पत्राही नाही आणि पाऊसही नाही. त्यानंतर त्यानं त्याची एमपीथ्री केली. म्हणजे तीच गाणी, पण अगदी लहान जागेत मावतात. एका सीडीवर अशा कितीतरी कॅसेटी बसतील म्हणाला. तुमच्यासाठी सीडी करून दिली आहे, ती राधाकिशनभाऊंच्याच हाती पाठवते. त्यांच्या घरच्या नव्या प्लेअरवर ती लागते, असं त्यांनी सांगितलं.

सासूबाईंचा पाळणा आता माझा पाठ होत आलाय. "बाळाच्या कानी सांगा गं नाव, नावाला लागू दे शिवाचा गाव" हे कडवं आलं की मला ते घर दिसतं, तुम्ही सगळ्या दिसता. आमच्या कॉन्व्हेंटात गाणं शिकवणाऱ्या सिस्टर म्हणायच्या की एकत्र गाताना शेजारणीचा आवाज कानावर येत राहिला पाहिजे. तुम्हा बायकांना कुणी सिस्टर न शिकवताच ते येत होतं.

एक गोष्ट झाली, पण काळजीचं कारण नाही. काम उरकल्यावर टेपमध्ये फीत अडकली, चुरगळली आणि तुटली. वीरेश म्हणाला की आता तिची गरजच नाही, सगळं कॉम्प्युटरात कायमचं आहे. मी म्हटलं फीत वाया कशाला घालवायची. इथं कबुतरांनी माझ्या कोथिंबिरीच्या कुंड्या उकरून टाकल्या आहेत. तेव्हा आपल्याकडे ज्वारीवर पाखरं बसू नयेत म्हणून बांधतात तशी ती सगळी फीत बाल्कनीत या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणून बांधली. वाऱ्यानं फुरफुरते, उन्हात चमकते, आणि कबुतरं फिरकत नाहीत. शेजारच्या बाईंनी येऊन पाहिलं आणि विचारलं की ही युक्ती कुठली. मी तोऱ्यात सांगितलं, बीड जिल्ह्याची.

घरी मोहनरावांना नमस्कार. तुमच्या आशीर्वादाच्या सावलीत ठेवा, आणि चिवडा पुन्हा पाठवाल तेव्हा वर माझं नाव घाला.

तुमची,
महानंदा

*

॥ ॐ नमः शिवाय ॥

घाटनांदूर,
२८ नोव्हेंबर २००१

चि. सौ. महानंदा हिस आशीर्वाद.

आधी उठ आणि फीत उतरव. मग पुढचं वाच.

काल फोन केला होता. बापूनं उचलला. त्याला निक्षून सांगितलं की महानंदेला म्हणावं बाल्कनीतली फीत सोडून आत ठेव. तो हो सांगतो म्हणाला आणि विहिरीला पाणी किती आहे ते विचारू लागला. त्यानं निरोप दिला असेल असं मला वाटत नाही, म्हणून हे पत्र.

तुझं पत्र वाचलं तेव्हा मी हसलेच होते. यांनाही वाचून दाखवलं. हे म्हणाले की पुण्याची कबुतरं लई नशिबाची, आपला पाळणा ऐकायला मिळाला त्यांना. मग संध्याकाळी लाइट आल्यावर राधाकिशनकडे सीडी लावली. त्याच्या घरची माणसं, शेजारपाजारची माणसं, सगळी गोळा झाली. सगळ्यांना आवडलं. किती स्वच्छ म्हणाले.

मला मात्र कसंतरीच वाटायला लागलं. वीरेशला हे सांगू नकोस, लेकरानं हौसेनं केलंय. पण अगं, बायकांच्या बांगड्या काचेच्या राहिल्या नाहीत, वाळूत पाणी ओतल्यासारख्या वाजतात. टाळ्या फिसफिसतात. आईचा आवाज आहे, पण तिच्या आवाजाला जी एक खर होती ना, चुलीपुढं बसून आलेली, ती धुऊन गेली. आणि दोन कडव्यांच्या मधे अशी पोकळी पडते की जणू सगळ्याजणी दम धरून उभ्या राहिल्या.

तेही चाललं असतं. पण महानंदा, सावित्री त्यात नाही.

तू म्हणशील ती होतीच कुठं, ती तर गात नव्हती. बरोबर आहे, ती गात नव्हती. ती आत्या होती, पाळण्यात वाकलेली होती. मी थोरली, नाव सांगायचा मान माझा होता, पण ती हट्ट धरून बसली तेव्हा मी तिला दिला. बाकीच्या आपण सगळ्या तेच नावाचं कडवं मोठ्यानं म्हणत होतो आणि रीतीप्रमाणे तिच्या पाठीवर धपाटे घालत होतो. तेवढ्या कालव्यात ती बाळाच्या कानात बोलली. कुणालाच ऐकू आलं नाही. पण माईक तिच्या तोंडापासून वीतभर अंतरावर होता.

चारचौघांत लावली तर ते कधीच कळत नाही. पंखा बंद करायचा, आवाज लहान ठेवायचा आणि कान स्पीकरच्या जाळीला टेकवायचा. मग गाण्याच्या खालून, खूप खालून, ती येते. आधी एक नाव. मग जरा थांबून वीरेश. आणि त्या दोन नावांच्या मधे एक बारीक हूं. तो धपाटा लागून सुटलेला तिचा श्वास. मला ते ऐकलं की तिची पाठ हाताला लागते.

राधाकिशनकडे सगळे उठून गेल्यावर मी त्याच्या प्लेअरला कान लावून बसले. पुन्हा पुन्हा तेच कडवं लावलं. त्याची बायको विचारू लागली की आत्याबाई, काय हरवलं? तिला काय सांगू? गाणं सगळं आहे, खालचं काही नाही.

आणि तुमच्या दोघींचा बेत मला तेव्हापासून ठाऊक आहे बरं. आधी दुसरंच नाव सांगायचं तुमचं ठरलं होतं, हे पहिल्यांदा कॅसेट ऐकली तेव्हाच मला कळलं. अप्पांनी आपल्या वडिलांचं नाव नातवाला ठेवलं होतं, त्याआधी बाळाच्या कानात दुसरं नाव गेलं हे त्यांना कळतं तर घरात काय झालं असतं ते तूच जाण. म्हणून मी कधी बोलले नाही. नणंद-भावजयीचं गुपित, मी कशाला मधे तोंड घालू?

फीत तुटकी, मळकी, कशीही असली तरी मला पाठव. परवा आम्ही कपिलधारला जातोय, तिथं हेच एक मागणार आहे.

रागावले नाही. माझ्या हातचा चिवडा खाणाऱ्या सगळ्यांवर माझा जीव आहे, तसाच तुमचा माझ्यावर असू दे.

शिवगंगा

*

पुणे,
४ डिसेंबर २००१

ती. आत्यास,
वीरेशचा सा. न. वि. वि.

आईनं तुझं पत्र मला दाखवलं. दाखवू नको असं लिहिलेला भागही दाखवला. हे पत्र कॉम्प्युटरवर छापलंय म्हणून हसू नकोस, माझं अक्षर तुला माहीत आहे.

आत्या, मी काय केलं ते नीट सांगतो. एमपीथ्री करताना तो प्रोग्रॅम प्रत्येक क्षणाला ठरवतो की यातलं माणसाच्या कानाला काय ऐकू येणार नाही. मोठ्या आवाजाच्या शेजारी बारीक आवाज असला तर तो धरून चालतो की हा कुणी ऐकत नसणार, आणि तो टाकून देतो. म्हणून तर गाणं एवढं लहान होतं. त्यात मी सगळ्यात लहान माप निवडलं होतं. म्हणजे त्याला सांगितलं की जेवढं टाकता येईल तेवढं टाक. बांगड्यांचं पाणी त्यानंच झालं.

पण खरी चूक त्याच्याही आधीची आहे. खरखर काढताना त्या प्रोग्रॅमला नमुना दाखवावा लागतो. मी कॅसेटच्या सुरुवातीचा रिकामा तुकडा दाखवला आणि म्हटलं की असं जे जे दिसेल ते पूस. कुजबुजीला सूर नसतो, ती नुसती हवा असते. त्याला ती खरखरच वाटली असणार.

आणि ज्या मोठ्या फायलीत सगळं जसंच्या तसं होतं, ती मी खोडून टाकली. लातूरहून बाळाचे फोटो आले होते आणि डिस्कवर जागा नव्हती.

मी कॅसेट वाचवतोय असं समजत होतो. सावित्रीआत्याबद्दल मला एवढंच माहीत होतं की भिंतीवर डोळे मिटलेला एक फोटो आहे. तिनं माझ्या कानात काही सांगितलं, हे मला कालपर्यंत माहीत नव्हतं.

फीत उतरवली आहे. पुढचं आई लिहील. मी सोडणार नाही, एवढा भरवसा ठेव.

तुझा,
वीरेश

*

सोबत.

ती. अक्का यांना सा. न.

तुमचे बंधू फोनबद्दल काहीच बोलले नव्हते. पत्र आल्यावर विचारलं तेव्हा त्यांना आठवलं, आणि म्हणाले की विहिरीला पाणी भरपूर आहे.

अक्का, मी हातातलं पीठ तसंच ठेवून बाल्कनीत गेले. वाऱ्यानं फीत चार-पाच ठिकाणी तुटली होती. एक तुकडा गजाला गुंडाळलेला, एक खालच्या मजल्याच्या दोरीवर कुणाच्या टॉवेलसोबत, एक कुंडीतल्या मातीत. तुम्ही जी वस्तू दार लावून ऐकत होतात, तिनं मी कबुतरं हाकलली. खालच्या बाईंकडे टॉवेल मागायला गेले तेव्हा त्यांना वाटलं ही बाई बरी नाही. सगळे तुकडे आणले, मऊ फडक्यानं पुसले आणि ताटात ठेवलेत. एक तीन-चार हातांचा तुकडा मात्र कुठंच सापडत नाही. तो कोणता असेल या विचारानं मला जेवण जात नाही.

आणि आता मला सांगा, कोणता बेत? माझा आणि सावित्रीचा काही बेत नव्हता. तिनं कानात वीरेश सांगितलं एवढंच मी आजवर समजत आले. दुसरं नाव कोणतं? मी पत्र तीनदा वाचलं. लगेच लिहा.

तुमची मर्जी माझ्यावरून उतरू देऊ नका.

महानंदा

*

॥ ॐ नमः शिवाय ॥

घाटनांदूर,
१० डिसेंबर २००१

चि. सौ. महानंदा हिस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी पायरीवरच बसले. इतकी वर्षं मी मनात म्हणत होते की महानंदा मोठी पक्की, एकदाही ओठातून शब्द बाहेर काढला नाही. आणि तुला ठाऊकच नव्हतं! म्हणजे ते सगळं त्या पोरीनं एकटीनं केलं.

नाव मी लिहिणार नाही. राग धरू नकोस. मी लिहिलं तर ते माझ्या अक्षरात येईल आणि तू वाचशील, संपेल. ते तिनं सांगितलंय, तिच्याच तोंडून ऐक. तुकडे सापडलेत ना, मग ऐक. नाहीच सापडलं तर बारशाला येईन तेव्हा तुझ्या कानात सांगेन.

यांचं सांगणं असं की तुकडे जोडताना चिकटपट्टी फितीच्या मागच्या बाजूनं लावायची, आणि लई लांब लावायची नाही. वीरेशला म्हणावं दुसऱ्या कुठल्या जुन्या कॅसेटीचे स्क्रू खोलून तिच्या पोटात हे भरायचं. हे पूर्वी दुकानात बसून असलं पुष्कळ करायचे. आणि सगळं ऐकत बसू नका, धपाट्यांचा आवाज शोधा. तिथंच ती आहे.

वीरेशला सांग, आत्या त्याच्यावर रागावलेली नाही. कपिलधारला धबधब्याखाली उभे होतो तेव्हा यांनी मला काहीतरी सांगितलं. पाण्याच्या आवाजात एक अक्षर कळलं नाही, पण मी मान हलवली, कारण काय म्हणत असतील ते मला ठाऊक होतं. बाजूला आल्यावर विचारलं तर तेच होतं, की पाय जपून ठेव. माणसाला माणसाचं असं कळतं. त्या यंत्राची सावित्रीशी ओळखच नव्हती, त्यानं तिला टाकली यात त्याचा तरी काय दोष? वीरेशचीही नव्हती. ती माझी होती आणि मी त्याला कधी तिच्याबद्दल धड सांगितलं नाही.

तो तुकडा हरवलेल्यातला नसावा, एवढंच म्हणते आणि गप्प बसते.

दूर असले तरी मला तुमच्यातच धरा.

शिवगंगा

*

॥ श्री ॥

पुणे,
१९ डिसेंबर २००१

ती. अक्का यांना,
महानंदाचा सा. न. वि. वि.

सापडली.

वीरेश रोज ऑफिसातून येऊन चहासुद्धा न घेता टेबलाशी बसायचा. मोहनरावांनी सांगितल्याप्रमाणे मागून चिकटपट्टी लावली. कोणता तुकडा आधीचा, कोणता नंतरचा, काही कळेना. दोन तुकडे उलटे लागले, तेव्हा सासूबाई उलट्या गायला लागल्या आणि तुमचे बंधू घाबरून खोलीतून बाहेर गेले. म्हणाले की आईला असं ऐकवत नाही. मग पुन्हा सोडून पुन्हा जोडलं. उन्हानं आणि चुरगळल्यानं फीत खराब झाली आहे, आवाज मधेच बुडतो, मधेच वर येतो. शेवटची दोन कडवी त्या हरवलेल्या तुकड्याबरोबर गेली. ती आता फक्त सीडीवर उरलीत, वाळू-पाण्याच्या बांगड्यांसकट. म्हणजे यंत्रानं जे ठेवलं ते फितीनं घालवलं, आणि यंत्रानं जे टाकलं ते कुंडीतल्या मातीत होतं. होय अक्का, तोच मातीतला तुकडा.

शनिवारी दुपारी धपाटे ऐकू आले. वीरेशनं पंखा बंद केला आणि खुर्ची माझ्यापुढं सरकवली. आधी तू ऐक म्हणाला. मी जाळीला कान लावला. खरखर होती, वीरेशनं पुसायचं नाव काढलं नव्हतं. मला फक्त तुमचाच आवाज आला, तुम्ही किती मोठ्यानं गाता अक्का! मग पुन्हा लावलं. चौथ्या-पाचव्या वेळेला कान खाली उतरला.

सिद्धेश्वर, म्हणाली ती.

तुम्हाला नाव ठाऊक होतं, माझ्या अण्णांचं आहे हेही ठाऊक होतं. पण पुढचं तुम्हाला ठाऊक नाही. अण्णांनी सगळ्या भाऊबंदांची बोलणी खाऊन मला कॉन्व्हेंटात घातलं होतं. लोक म्हणायचे व्यापाऱ्याच्या पोरीला इंग्रजी कशाला, हिशेब इंग्रजीत करणार का? ते रोज संध्याकाळी पेढीवरून येऊन मला म्हणायचे की वाच काहीतरी. त्यांना एक शब्द कळत नसे, तरी डोळे मिटून ऐकायचे. ते गेले तेव्हा मला पाचवा महिना होता, मला जाऊही दिलं नाही. नंतर एकदा गच्चीवर शेवया वाळत घालताना मी सावित्रीला म्हटलं की मुलगा झाला तर त्याला अण्णांचं नाव ठेवावंसं फार वाटतं. म्हटलं आणि लगेच म्हटलं की छे, असं कुठं असतं, सासरच्या थोरांचं नाव लागायचं. ती शेवयांवरची माशी हाकलत राहिली. मी पुन्हा तो विषय काढला नाही, कुणाजवळच नाही. मला वाटलं तिनं ऐकलंच नाही.

मी टेबलाशी रडले. वीरेशनं विचारलं की काय म्हणाली ती. मी सांगितलं. तो म्हणाला की आई, मग मला दोन नावं आहेत. त्यानं स्वतः ऐकलं तेव्हा त्याला ते पहिल्याच वेळी ऐकू आलं. कान तरुण आहेत, दुसरं काय.

या वेळी त्यानं काही काढलं नाही, काही लहान केलं नाही. फीत जशी आहे तशी, खरखर, बुडणं, सगळ्यासकट सीडीवर घेतली. जागा पुष्कळ गेली. जाऊ दे म्हणाला. एक सीडी तुमची, एक माझी, एक त्याच्या ऑफिसातल्या कपाटात. आणि तुमची फीत तिच्या नव्या कॅसेटीत भरून, फडक्यात गुंडाळून देवघरात ठेवली आहे. ती पोस्टानं किंवा कुणाच्या हाती पाठवणार नाही. तुम्ही येऊन घेऊन जा.

कारण दुसरंही काम आहे. रविवारी तीस तारखेला बारसं. वीरेशला बहीण नाही, पाळण्यात वाकणार कोण? मागच्या वेळी तुमचा मान सावित्रीनं हट्टानं घेतला. या वेळी तो तुमचा आहे. नाव शिवानी ठरलंय. पण आधी तुम्ही तिच्या कानात काय सांगाल ते आम्ही विचारणार नाही.

मोहनरावांना घेऊन या. पाठीला तेल लावून या, लातूरच्या बायकांचे हात जड असतात असं ऐकते.

वाट पाहते. येताना तुमची माया आणा आणि चिवडाही.

तुमची,
महानंदा

*

॥ ॐ नमः शिवाय ॥

घाटनांदूर,
५ जानेवारी २००२

चि. सौ. महानंदा हिस,
शिवगंगेचे अनेक आशीर्वाद वि. वि.

आम्ही सुखरूप पोचलो. परळीपर्यंत बसायला जागा मिळाली. यांनी कॅसेटीची पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही, शेजारच्या माणसानं विचारलं की दागिने आहेत का, तर हे म्हणाले की हाय म्हणा.

माझी पाठ अजून दुखते. तुझ्या विहीणबाईंना माझा नमस्कार सांग आणि सांग की त्यांना ज्वारी कांडायची सवय आहे हे मला कळलं.

महानंदा, तिथं माणसांत बोलता आलं नाही म्हणून लिहिते. मी पाळण्यात वाकले. तुम्ही सगळ्या मोठ्यानं म्हणत होतात, पाठीवर धपाटे पडत होते, वीरेशनं दोरीला बांधलेला माईक माझ्या कानाला घासत होता. मी शिवानीच्या कानाशी तोंड नेलं आणि आधी तेच नाव घेतलं जे तू मनात धरून होतीस. सावित्री. एवढंच म्हटलं आणि थांबले. आणि त्या थांबण्यात त्या एवढ्याशा जिवानं माझ्याकडे बघून हूं केलं.

मला वाकलेल्या ठिकाणीच थंडी वाजल्यासारखं झालं. तुम्हाला वाटलं धपाटा जोरात बसला. मग मी शिवानी म्हटलं आणि तुम्ही सगळ्यांनी कुर्र केलं.

काल घरी आल्यावर दार लावलं, पंखा बंद केला आणि जोडलेली कॅसेट लावली. खरखर होती, माझी जुनी खरखर. आई होती. सिद्धेश्वर आलं. मग ते हूं. इतकी वर्षं मी त्याला सावित्रीचा श्वास समजत होते. पुन्हा लावलं, पुन्हा ऐकलं. अगं, तो तिचा आवाज नाहीच. तो किती लहान आहे, किती ओला आहे. मोठ्या माणसाच्या घशातून तसा आवाज निघतच नाही.

तो वीरेश आहे. सावित्रीनं तुझ्या अण्णांचं नाव घेतलं आणि तुझ्या लेकानं ओ दिली.

त्याला तू सांग. माझ्याच्यानं फोनवर सांगवणार नाही, आणि बापू मधेच पाण्याचं विचारेल.

बाळाची दृष्ट काढ. मला विसरू नका, मी कुणालाच विसरलेली नाही.

तुझी,
शिवगंगा